पर्व नव्हतं म्हणून

अक्काला कोडियक्करैच्या टोकावर, समुद्रात, एकदा उभं राहायचं होतं आणि मी ते होऊ दिलं नाही. सांगायचं ते एवढंच आहे. मधेमधे भूगोल येईल, इतिहास येईल, मीठ आणि वादळं येतील, कारण कुंभकोणमच्या शाळेत चौतीस वर्षं मी तेच शिकवलं आणि खोड काही जात नाही. समोर मुलं नसली तर हा भिंतीला शिकवतो, असं अक्का म्हणायची. खोटं नव्हतं ते.

अक्का म्हणजे माझी सख्खी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. आईचा फोटो नाही, हस्ताक्षर नाही, एक साडीसुद्धा उरलेली नाही. मला वाढवलं ते अक्काने. तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ती परत आली आणि मेलकावेरीच्या आमच्या घरीच राहिली. माझं लग्न तिने जमवलं, माझ्या मुलीला न्हाऊमाखू तिने घातलं, आणि आठ वर्षांपूर्वी माझी बायको गेली तेव्हा मला ओरडून, हाताला धरून जेवायला बसवलं तेही तिनेच. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. दोघांच्याही नाकावर राग. शेजारच्या तमिळ बाई म्हणत, तुमची ती मराठी ऐकली की प्रेमानं बोलताय की भांडताय तेच कळत नाही. मला तरी कुठे कळत होतं!

आमचे वडील मिठाच्या खात्यात कारकून होते. अक्का दोन वर्षांची असताना त्यांची कोडियक्करैला बदली झाली, आणि माझा जन्म झाल्यावर काही महिन्यांनी ते कुंभकोणमला परत आले. म्हणजे जन्माने मी तिथला, पण मला तिथलं ओ की ठो आठवत नाही. अक्काचं मात्र सगळं लहानपण तिथे गेलं.

आता जागा समजावून सांगतो. तमिळनाडूचा किनारा उत्तरेकडून नागपट्टिनमपर्यंत सरळ खाली उतरत येतो, आणि कोडियक्करैला पोचला की एकदम पश्चिमेला वळतो, हाताचं कोपर वाकवावं तसा. त्या कोपराचं टोक म्हणजे कोडियक्करै. पूर्वेला बंगालचा उपसागर, दक्षिणेला पाल्कची सामुद्रधुनी, पश्चिमेला दलदल आणि मिठागरं, कोसच्या कोस. उत्तरेकडून वेदारण्यमचा एक रस्ता येतो आणि तोच परत जातो. नकाशात पाहिलं तर भूशिर, पण तिथे राहणाऱ्याला बेटच. कावेरीने आणलेला गाळ आणि समुद्राने लोटलेली वाळू, यांनीच ही जमीन झाली. खडक औषधाला नाही. सर्वांत उंच जागा म्हणजे एक टेकाड. त्यावर रामाची पावलं आहेत, इथे उभं राहून त्याने लंका न्याहाळली म्हणतात. उंची आमच्या शाळेच्या पहिल्या मजल्याइतकी असेल नसेल.

अशा जागी माणूस गेला तो तीनच कारणांनी गेला: मीठ, दिवा आणि पुण्य. मिठासाठी सरकारं आली, आणि सत्याग्रही वेदारण्यमपर्यंत चालत गेले तेही मिठासाठीच. दिव्याचं म्हणाल तर चोळांच्या काळातलं विटांचं एक दीपगृह टोकाशी होतं; हजार वर्षांचं म्हणत त्याला. शेवटी नुसता ढिगारा राहिला होता आणि तोही त्सुनामीने नेला. इंग्रजांनी वेगळं दीपगृह बांधलं, नंतर आपल्या सरकारने त्याहून उंच बांधलं. आणि पुण्य म्हणजे सेतू. रामाने लंकेला सेतू बांधायचा पहिला विचार इथे केला, म्हणून हा आदिसेतू. रामेश्वरला निघालेले यात्रेकरू याच किनाऱ्याच्या वाटेने जात. तंजावरच्या मराठे राजांनी त्या वाटेवर यात्रेकरूंसाठी छत्रं, म्हणजे धर्मशाळा बांधल्या. आमचे पूर्वज त्याच राजांबरोबर इकडे आले. हे सगळं मला तोंडपाठ होतं. आदिसेतू हा शब्द मी स्वतःच्या हाताने लिहिला होता, अकराव्या पानावर. ते पान आता डोळ्यांसमोर आलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

निवृत्तीनंतर मी कोडियक्करैवर एक पुस्तिका लिहायला घेतली होती, तिचं ते पान. मुलगी पुण्याला दिलेली. नातवंडांना वाचता यावी म्हणून त्यांच्या मराठीत लिहीत होतो. आमची घरची मराठी ऐकून व्याही हसू दाबतात. अक्का फोनवर 'स्वयंपाक जाहला काय?' असं विचारायची तेव्हा तिकडे नातू खिदळत. अक्काला त्याचं काही नव्हतं. "हसूं देत. आपली मराठी जुनी आहे, फाटकी नाही," म्हणायची.

मी ओसरीवर नकाशे आणि जुनी गॅझेटियरं पसरून बसायचो आणि अक्का आतून, भाजी चिरता चिरता, मधे तोंड घालायची. एकदा म्हणाली, "गोड्या पाण्याचं लिहिलंस काय?"

"कसलं गोडं पाणी? चहूकडे मीठ आहे तिथे."

"हाताने वाळू उकरायची. कोपरभर उकरली की गोड पाणी. हावरेपणाने जास्त उकरलं की खारं. आम्ही घागर तशीच भरायचो."

मी हसलो. "अक्का, तू आठ-नऊ वर्षांची होतीस. तहान लागली की सगळंच गोड लागतं."

तिने पुढची भाजी चिरायला घेतली. दोन महिन्यांनी एका भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात मला तेच सापडलं. पावसाचं गोडं पाणी हलकं, ते वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगतं. वरच्या थरातून काढलं तर गोडं, खोल गेलं तर खारं. मी ते पुस्तिकेत घातलं, पुस्तकाचा हवाला देऊन. अक्काचं नाव घातलं नाही. तिला वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं जाहलं, छापलेलं मिळालं तुला."

असं आमचं चालायचं. तिने सांगायचं आणि मी खोडून काढायचं. जंगलातल्या मोकाट घोड्यांचं सांगितलं तर मी म्हणायचो, ते घोडे नव्हेत, तट्टं. खिरणीची पिवळी फळं खाऊन ओठ कसे चिकटायचे ते सांगायला लागली की मी त्या झाडाचं शास्त्रीय नाव सांगायचो. विद्वान ना मी!

आणि त्यातच ती समुद्राची गोष्ट. "आई मला दोन समुद्रांत उभी करायची," ती म्हणायची. "टोकाला न्यायची. एक पाय इकडल्या समुद्रात, एक तिकडल्या. इकडलं पाणी धावून येतं, तिकडलं नुसतं पडून राहतं. मधे उभं राहिलं की दोन्ही पायांना वेगवेगळं कळतं."

"अक्का, समुद्राला काय मधे बांध घातलाय?"

"तू गेलायस काय कधी?"

"जायला कशाला हवं? नकाशा आहे की."

"एकदा घेऊन चल रे कण्णा," ती म्हणायची. लाडात आली की मला कण्णा म्हणायची, इथे तमिळ घरांत लहान मुलाला म्हणतात तसं. "मला तिथे एकदा उभं राहायचंय. तू पण माझ्याबरोबर उभा राहा." यातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सत्तरीचा माणूस धोतर वर धरून लाटांत उभा राहतो का?

कुंभकोणमहून कोडियक्करै काही विलायत नव्हे. गाडीने साडेतीन-चार तास. पण परीक्षा होत्या, मग मुलीचं लग्न, मग बायकोचं आजारपण, मग ते मोठं वादळ आलं आणि वेदारण्यमकडची झाडं न् झाडं आडवी झाली, मग करोना. कारण काढायचं म्हटलं तर माणसाला काय तोटा! शेवटी मागल्या वर्षी मी ठरवलं. खरं सांगायचं तर अक्कासाठी नाही. पुस्तिकेसाठी दोन-तीन अंतरं पडताळून पाहायची होती, आणि नव्या दीपगृहाचा फोटो हवा होता. म्हटलं, त्यात तिचंही होऊन जाईल.

इथे आमच्या घरातला एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पिंपळाला आणि समुद्राला वाटेल तेव्हा शिवायचं नाही. पिंपळाला शनिवारी. समुद्राला अमावास्या, पौर्णिमा, ग्रहण, असं पर्व असेल तेव्हाच. एरवी दुरून हात जोडायचे आणि मागे फिरायचं. हा नियम मला अक्कानेच लावला. मी चोवीस वर्षांचा, नुकता शिक्षक झालेलो, शाळेची सहल नागपट्टिनमला निघाली तर हिने दारात उभं राहून बजावलं, "आज पर्व नाही, पाय सुद्धा बुडवायचा नाही." तिकडे मुलं पाण्यात, शिक्षक पाण्यात, मुख्याध्यापक पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून पाण्यात, आणि मी वाळूवर सगळ्यांच्या चपला राखत उभा. वर्षभर मला चिडवत होते. वर्गात मी भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे शिकवायचो, पण घरचा नियम मोडला नाही. त्या चपलांचा राग मनात कुठेतरी होता की काय, कोण जाणे. असावा.

वैशाखातला बुधवार होता, तिथी सप्तमी. पहाटे निघालो. गाडीवाला तिरुनीलक्कुडीचा, पन्नाशीचा, गप्पिष्ट माणूस. अक्का मागे बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत चिंचेच्या भाताचा डबा होता आणि त्याखाली एक धुवट साडी घडी करून ठेवलेली. मी पाहिली ती. म्हटलं, "साडी कशाला?" तर म्हणाली, "असूं दे." म्हणजे मला ठाऊक होतं. मला काही ठाऊकच नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

तिरुतुरैपूंडीच्या पुढे शेतं संपत जातात आणि जमीन पांढरी व्हायला लागते. वेदारण्यमनंतर दोन्ही बाजूंना मिठागरं लागली, मिठाचे ढीग झापांनी झाकलेले. मी गाडीवाल्याला सांगत होतो की इथे कोडियक्करैपर्यंत छोटी रेल्वे होती, मीठ न्यायला, ती बंद पडली. अक्का खिडकीतून बाहेर बघत होती. तिचं तोंड असं मी कधी पाहिलं नव्हतं. एक्याऐंशी वर्षांची बाई, ओठ हलत होते, मधेच बोट दाखवायची. एकदा म्हणाली, "आई म्हणाली होती—" आणि मी म्हटलं, "थांब अक्का, ह्याला मैल सांगू दे किती झाले ते." ती थांबली.

टोकाशी पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. जंगल संपतं, वाळू लागते, आणि मग एकदम सगळं उघडं. माणूस नाही काणूस नाही. अक्काने गाडीतून उतरून चपला काढल्या आणि चालायला लागली. एरवी गुडघे धरून जिना उतरणारी बाई, पण वाळूत तिला आधार लागला नाही. सरळ गेली, मग जरा डावीकडे वळली, दीपगृहाकडे मान करून पाहिलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं, चार पावलं मागे आली. जागा शोधत होती ती. मी मागून फोटो काढत होतो, दीपगृहाचा.

मग तिने साडीचा काठ उचलला आणि हाक मारली, "कण्णा, इकडे ये. हीच जागा."

मी गेलो. आणि खरंच हो, डावीकडे लाट फुटून फेसाळत येत होती आणि उजवीकडे पाणी तळ्यासारखं पडलं होतं. मी ते पाहिलं, आणि पाहूनही कबूल केलं नाही. ती पुढे निघाली तेव्हा मी तिचा दंड धरला.

"अक्का, आज पर्व नाही. आज सप्तमी."

"नुसते पाय रे."

"पाय काय नि अंग काय. शिवणं ते शिवणंच. तूच शिकवलंयस."

"आई तर मला रोज—"

"तू लहान होतीस. अमावास्या होती की पौर्णिमा, तुला काय कळत होतं? आषाढात आडी अमावास्येला येऊ. अडीच महिने तर राहिले. तेव्हा नीट संकल्प सोडून स्नान कर. आज नुसता नमस्कार."

गाडीवाला मागून तमिळमध्ये म्हणाला, "सर, एवढ्या लांब आलात, अम्मांना पाय ओले करू द्या की." मी त्याच्यावर खेकसलो की आमच्या घरच्या गोष्टीत तुम्ही पडू नका. तो बिचारा मागे सरकला. अक्काला माझ्याशी वाद घालता येईना, कारण नियम तिचाच होता. तिनेच माझ्या हातात दिलेली काठी मी तिच्यावर उगारली होती. पाणी तिच्या पायांपासून दोन हातांवर होतं. एक लाट जरा मोठी आली, आता शिवणार इतक्यात मी तिला मागे ओढलं. वर, "बघ, वाचलीस," असं हसत म्हणालो.

तिने हात जोडले. बराच वेळ जोडून उभी होती. मग गाडीत येऊन बसली. डबा तिने उघडला नाही. मी आणि गाडीवाल्याने झाडाखाली भात खाल्ला आणि चांगला झालाय म्हणून दोनदा घेतला.

पंधरा दिवसांनी अक्का न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, वय बघता आणि हृदय बघता ऑपरेशन करायचं धाडस नको, पडून राहू दे. पडून! जिने एक दिवस दुसऱ्याच्या हातचं पाणी घेतलं नाही तिला आता एक नर्सबाई कूस बदलून द्यायची. तिने तक्रार केली नाही. मी मात्र आडी अमावास्या किती दिवसांवर आली ते रोज पंचांगात मोजत होतो.

आडी या तमिळ महिन्याच्या सुरुवातीला वडिलांचं श्राद्ध असतं. त्याला येणारे शास्त्री तिरुप्पनंदाळकडचे, आमच्यातलेच, माझ्याहून वयाने लहान. जेवणं झाल्यावर विडा घेत बसले होते. मी त्यांना ही गोष्ट सांगितली. खरं तर शाबासकी मिळेल म्हणून सांगितली, की बघा, अशा मोहाच्या वेळीही मी आचार सोडला नाही. शास्त्री माझ्याकडे बघतच राहिले.

"अहो मास्तर, सेतूला पर्व कुठलं? सेतूवर कुठल्याही दिवशी स्नान चालतं. तिथे तिथी पाहायचीच नसते. आणि कोडियक्करै म्हणजे आदिसेतू नाही का? तुम्हाला ठाऊक असेलच की."

ठाऊक असेलच की! अकरावं पान. माझ्या तोंडातला विडा तसाच राहिला. आई तिला रोज नेत होती ते काही चुकून नव्हे. त्या बाईला नियम माहीत होता आणि नियमाची सूटही माहीत होती. मला फक्त नियम माहीत होता.

शास्त्री गेल्यावर मी अक्काच्या खाटेपाशी बसलो आणि सांगून टाकलं. लपवून काय करणार? मला वाटलं होतं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती खुदकन हसली, आणि हसल्याने कंबर दुखली म्हणून 'अय्यो' म्हणाली. "म्हणजे तुझं पुस्तक वाचून जग स्नान करणार, आणि लिहिणारा कोरडा."

"अक्का, माफ कर."

"ते राहूं दे. अमावास्येला तू जा. माझ्यासाठी जा. आणि पाण्यात नीट उभा राहा, नुसती बुडी मारून येऊ नकोस."

गेलो. तोच गाडीवाला. वाटेत मीच त्याची माफी मागितली. तो म्हणाला, विसरा सर. कोडियक्करैला माणसांचा पूर आला होता. गावाशेजारच्या किनाऱ्यावर दोर बांधलेले, पोलीस शिट्ट्या मारत होते, छत्र्यांखाली भटजी बसलेले, तर्पणाच्या तिळांनी वाळू काळी झाली होती. जिकडे लोटलं तिकडे गेलो. कमरेइतक्या पाण्यात संकल्प म्हटला, डोळे मिटून तीन बुड्या मारल्या, बाटलीत पाणी भरलं आणि बाहेर आलो. टोकाकडे जायचं सुचलंसुद्धा नाही. दुपारी तीनला घरी. अंगावरचं मीठ तसंच होतं.

अक्का जागीच होती. मी बाटली पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"कुठे उभा राहिलास?"

"समुद्रात."

"ते कळलं रे. दीपगृह कुठल्या अंगाला होतं?"

चौतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि दिशा सांगता येईना.

"पाणी धावून येत होतं की पडून होतं?"

"गर्दी होती ग अक्का. पायाखाली चिखल होता, काही कळलं नाही."

तिने डोळे मिटले. "मग ती जागा नव्हे." मला वाटलं झोपली. तर तशीच, डोळे मिटून बोलायला लागली.

"आपण तिथून निघालो त्या दिवशी बैलगाडी दारात उभी होती. अप्पा घाई करत होते. आई मला घेऊन टोकाला गेली. तू तिच्या कडेवर. मला उभी केली, आणि तुला नाही करता आलं. तुझे पाय कुठे टेकत होते तेव्हा! तिच्या छातीचं दुखणं सुरू जाहलं होतं. म्हणाली, हा चालायला लागला की आणू आणि ह्यालाही उभा करू. आणि माझ्याने नाहीच जाहलं तर तू कर. मी हो म्हटलं."

मी म्हटलं, "सत्तर वर्षं! अक्का, हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पुस्तकात घातलं असतंस," ती म्हणाली. मग मिस्कीलपणा गेला आणि आवाज फाटला. "मला ते तिथे सांगायचं होतं रे. पाण्यात उभं करून. त्या दिवशी सांगायला लागले तर तू पंचांग काढलंस."

मी रडलो. एकाहत्तर वर्षांचा माणूस, खाटेच्या दांड्यावर डोकं टेकून मुलासारखा रडलो. नर्सबाई दारातून डोकावून गेली. अक्काने मला रडू दिलं आणि मग म्हणाली, "ऊठ. उभा राहा इथे." मी उभा राहिलो. तिने चादरीतून हात काढला. मी माझा हात तिच्या हातात दिला तर तिने झटकला.

"बोटं नव्हे. मनगट. आई मनगट धरायची. पाणी ओढायला लागलं की बोटं निसटतात, म्हणायची."

तिने माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे बोटं नुसती टेकली. "असंच?" मी विचारलं.

"असंच. पण घट्ट. ते आता मला जमत नाही."

कार्तिकात अक्का गेली. पुस्तिका तशीच पडली आहे. मुलगी फोनवर विचारते, बाबा, छापून कधी येणार? मी काहीतरी सांगतो.

एक गोष्ट मात्र वर लिहिताना मी गाळली. त्या सप्तमीला मी तिचा दंड धरला तेव्हा तिने तो सोडवून घ्यायला एक हिसका दिला होता. काय जोर होता त्या हिसक्यात! मीच हेलपाटलो, आणि चिडून आणखी घट्ट धरलं. म्हणजे त्या दिवशी तिच्या हातात ताकद होती. आईची पकड कशी होती, ते ती मला त्या पाण्यात दाखवू शकली असती. आता ते कुणालाच ठाऊक नाही.